चालते खेळणे आणि उभे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी निरोप धाडला तेव्हा विषय दिला नव्हता. "मुलांविषयी काहीतरी बोला" एवढेच सांगितले. मुलांविषयी म्हटले की संस्कार, आहार आणि अभ्यास यांवर बोलायचे, अशी आपली रीत आहे. मी आज यंत्रमानवावर बोलणार आहे. गेल्या सुटीत माझ्या ओसरीवर मोटर लावलेले, खुरडत चालणारे लाकडी प्राणी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आणि काहींनी "बाई, मुलांना हे कशाला?" असेही विचारले. दारात उभ्याउभ्या त्याचे उत्तर देता आले नाही. ते आज सवडीने देते.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ वेठीच्या कामाला असलेल्या चेक शब्दात आहे. आमचे प्राणी कोणाची वेठ करीत नाहीत. त्यांना फक्त चार पावले चालायचे असते, आणि तेवढेच त्यांना फार जड जाते.

चाके लावली तर गाडी लगेच पळते. मूल टाळ्या पिटते आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी विसरते. पाय लावायचे म्हटले की खरी ओढाताण सुरू होते. मोटर बिचारी एकच गोष्ट जाणते, गोल फिरणे. पायाने मात्र वर उचलले पाहिजे, पुढे गेले पाहिजे, खाली टेकले पाहिजे आणि जमिनीला मागे रेटले पाहिजे. गोल फिरण्यातून ही चाल काढायची कशी?

याचे उत्तर आपल्या शिवणवर्गात आहे. पायाचे मशीन चालवताना पायटा खालीवर होतो. त्याला जोडलेला दांडा खालचे मोठे चाक गोल फिरवतो. पट्ट्याने वरचे लहान चाक फिरते, आणि मशीनच्या डोक्यात शिरल्यावर त्या फिरण्याचे पुन्हा सुईचे खालीवर होते. म्हणजे खालीवरचे गोल आणि गोलाचे खालीवर, असे दोन्ही उलटे व्यवहार आपण रोज पायाखाली आणि हाताखाली करतो. मी मुलांना सर्वांत आधी ते मशीन उघडून दाखवले. मग जाते दाखवले. जात्याचा खुंटा मधोमध न ठोकता कडेला का ठोकतात, हे मी विचारले तेव्हा मुलगे गप्प बसले. एका मुलीने हातानेच फिरवून पाहिले आणि म्हणाली, "मधी असता तर हललंच नसतं की!"

पाय करण्याची रीत तशी साधी आहे. मोटरच्या आसाला एक आखूड पट्टी लावायची. तिच्या टोकाला खुंटा. त्या खुंट्यावर पायाची लांब पट्टी मधोमध अडकवायची, आणि पायाचे वरचे टोक दुसऱ्या एका पट्टीने सांगाड्याला सैल जोडायचे. मोटर फिरली की पायाचा मधला भाग गोल फिरतो, वरचे टोक नुसते झुलते आणि खालचे टोक हवेत अंड्यासारखा आकार काढते. त्या टोकाला पेन्सिल बांधली तर तो आकार कागदावर उमटतो. मुले ते बघत किती वेळ बसतात!

मोटरची गंमत अशी की ती मिनिटाला हजारो फेरे घेते, पण बोटाने नुसती धरली तरी थांबते. म्हणून तिला दातेरी चाकांची डबी लागते. बाजारात जी पिवळी डबी सर्रास मिळते तिच्यात आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा बाहेरचा आस एकदा फिरतो. वेग गेला आणि जोर आला. रहाटाचे पाणी ओढलेल्या बाईला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पण पाय झाले म्हणजे चाल आली असे नाही. आमचा पहिला चौपायी प्राणी सुरू केला की दोन पावलांत आडवा होई. त्याचे सेल पाठीवर उंच बांधले होते. "हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या घेऊन वाकडी पावलं टाकून बघ," असे मी बांधणाऱ्या मुलीला सांगितले. तिने सेल पोटाखाली बांधले, पावले रुंद केली, आणि प्राणी उभा राहिला. गुरुत्वमध्य हा शब्द तिला त्यानंतर सांगितला. आधी सांगितला असता तर तिने तो पाठ केला असता, एवढेच.

पुढे सहा पायांचा केला. मुंगी चालताना एका बाजूचे पुढचे व मागचे पाऊल आणि दुसऱ्या बाजूचे मधले अशी तीन पावले जमिनीवर ठेवते व उरलेली तीन उचलते. तीनच का? चुलीला दगड तीन का असतात, हे आपण जाणता. चार पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते. तिवई कधी डुगडुगत नाही.

हा खेळ पोरकट वाटत असेल, तर चेबिशेव या थोर रशियन गणितज्ञाने पॅरिसच्या १८७८ सालच्या प्रदर्शनात नुसत्या दांड्यांचे चार पायांवर चालणारे यंत्र मांडले होते, हे ध्यानात घ्यावे. हॉलंडात टेओ यान्सन हे गृहस्थ १९९० पासून वायरी घालायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे प्रचंड प्राणी करतात आणि ते समुद्रकाठी वाऱ्यावर चालतात.

आपल्याकडे अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मुलांना भूमिती शिकवली. १९७८ साली पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन ते होशंगाबादकडच्या शाळांत गेले. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील विज्ञान केंद्रात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक खेळ मी रोज घेते. चार काड्यांचा चौकोन करून बोटाने ढकलला की तो लवंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण लवंडत नाही. चौकोनात एक तिरकी काडी घातली की तोही हट्टाने उभा राहतो. आमच्या प्राण्यांचे सांगाडे याच तिरक्या काडीवर उभे आहेत.

आणि आता ज्यासाठी मी बोलायला उभी राहिले, त्याकडे येते.

मी या गावात भूकंपानंतर आले. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट ज्यांनी पाहिली त्या येथे बसल्या आहेत. तिच्याविषयी मी त्यांना काय सांगणार? परंतु घरे का पडली हे मुलांना सांगितले पाहिजे, आणि नुसते "देवाची करणी" म्हणून भागणार नाही. जुनी घरे दगडमातीची होती. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड वेगवेगळे रचलेले, मध्ये मुरूममाती भरलेली, दोन्हींना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. ऊन आणि पाऊस अडवण्यासाठी त्यावर मातीचे थर चढत गेलेले, कित्येक ठिकाणी हात-दीड हात. जमीन आडवी हलली तेव्हा वरचा भार जागचा हलायला तयार नव्हता. त्या ओढाताणीत भिंत मध्येच फुगली आणि फुटली. हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात मोडतो असे तोवर धरले जाई. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

आमच्या वर्गातली ती मुलगी, सेल पाठीवर बांधणारी, हे ऐकून म्हणाली, "म्हणजे घराच्या डोक्यावर सेल होते." इतके नेमके वाक्य मला पुस्तकात आढळले नाही.

नवी घरे झाली त्याला तीस वर्षे होऊन गेली. कुटुंबे वाढली, घरांना पुढे-मागे खोल्या निघाल्या. मूळ घरात जोत्याशी, दाराच्या डोक्यावर आणि छताशी काँक्रीटचे पट्टे फिरवले असतील. टोपलीला जसा काठ, तसे ते भिंतींना एकत्र धरतात. वाढवलेल्या खोलीत ते आहेत का? कोपऱ्यात उभी सळई आहे का? गवंडी आपला भला माणूस असतो, पण खर्च वाचवायला सांगितले तर तो आधी हेच वाचवतो, कारण गिलावा झाल्यावर ते दिसत नाही. त्याच्याशी बोलणी पुरुष करतात, हे मला ठाऊक आहे. तरीही दिवसभर घरात असते ती बाई, आणि काम चालू असताना तेथे उभी राहते तीही बाईच. तिने, नाहीतर तिच्या मुलीने, ही दोन माणसांत विचारायची गोष्ट विचारली पाहिजे.

म्हणून मला मुली हव्यात. ओसरीवर मी पाहते: मुलगी पक्कड उचलते न उचलते तोच भाऊ "दे इकडं" म्हणतो आणि ती देते. घरी गेल्यावर तिच्या हाती झाडू येतो. झाडूला माझी हरकत नाही, मीही रोज मारते. पण तो भावानेही मारावा आणि पक्कड तिच्याही हाती राहावी. शहरातल्या काही शाळांत २०१६ पासून सरकारच्या 'अटल टिंकरिंग' प्रयोगशाळा आल्या आहेत, त्यांचे सामान लाखांत जाते. आमचे सामान एका पिशवीत मावते.

येत्या शनिवारी दुपारी तीनला वर्ग पुन्हा सुरू होतो. आइस्क्रीमच्या काड्या, सायकलचे मोडके आरे, फाटकी ट्यूब, जुने सेल ठेवायची डबी, जे असेल ते मुलांबरोबर धाडा. शिवणवर्गाचे मशीन चिटणीसबाईंनी तासभर देऊ केले आहे. पकडी मात्र दोनच आहेत आणि नावे चौदा आली आहेत. कोणाच्या घरी एखादी पडून असेल तर आणावी.