हायरूलची वंशावळ आणि खेळणाऱ्याची आठवण



ज्या लढाईत आपण स्वतः नायकाला जिंकवलं, त्याच लढाईत तो हरला असं धरून पुढचा इतिहास लिहावा लागला, अशी एक व्हिडिओ-खेळमाला आहे. तिचं नाव ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी निन्टेंडोसाठी १९८६ साली तिचा पहिला खेळ घडवला. हायरूलचं राज्य, राजकन्या झेल्डा, तिला सोडवणारा लिंक आणि ट्रायफोर्स या दैवी ठेव्यावर टपलेला गॅनन, एवढाच तेव्हाचा पसारा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खेळात आणखी एक झेल्डा निघाली, पिढ्यान्‌पिढ्या झोपलेली. तिच्या आठवणीसाठी राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डाच ठेवायचं, असा दंडक पडला होता. नाव तेच, माणूस वेगळा. पुढच्या गुंत्याचं बीज इथेच पडलं.

१९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये एक जुनी हकीकत येते. गॅननच्या हाती अख्खा ट्रायफोर्स लागला, तलवार पेलणारा वीर काही सापडला नाही, शेवटी सात ऋषींनी गॅननला कोंडून टाकलं. १९९८ साली ‘ऑकारिना ऑफ टाइम’ने हाच काळ डोळ्यांसमोर उभा केला. पण इथे ट्रायफोर्सचे तीन तुकडे झाले, वीर हजर होता आणि तलवारही त्याच्याच हातात होती. शेवटी झेल्डा त्याला सात वर्षं मागे, बालपणात पाठवते, आणि काळाला दोन फाटे फुटतात. लिंक जिथून निघून गेला, ते हायरूल पुढे पाण्याखाली गेलं. ती ‘विंड वेकर’ची गोष्ट. तो जिथे परतला, तिथून पुढे ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’.

मग १९९१ चा खेळ बसवायचा कुठे? २०११ च्या अखेरीस जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हा अधिकृत ग्रंथ निघाला आणि त्याने तिसरा फाटा काढला: ‘ऑकारिना’तल्या गॅननशी झालेल्या शेवटच्या लढाईत लिंक हरला असता तर. पुढे याच मालेतल्या ‘लिंक्स अवेकनिंग’ आणि ‘ऑरेकल’ खेळांचा क्रमही अधिकृतपणे बदलला गेला.

या फेरफारांचं कारण खेळ घडवण्याच्या रीतीत आहे. मियामोतोंच्या परंपरेत खेळणाऱ्याचे हात काय करणार हे आधी ठरतं, कथा त्यामागून चालते. कालगणना तर सगळ्यांत शेवटी येते. मला ही रीत मान्य आहे. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये झोरा आणि रिटो या जमाती शेजारी शेजारी नांदतात. ‘विंड वेकर’च्या हिशोबाने रिटो हे झोरांचे वंशज. तरीही हे मला खुपत नाही. दंतकथा प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी थोडी बदलतेच.

खुपते ती दुसरी विसंगती. २०२३ चा ‘टियर्स ऑफ द किंगडम’ ही त्याच लिंकची, त्याच झेल्डाची, अवघ्या काही वर्षांनंतरची गोष्ट. आधीच्या खेळात आपण ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, ती चार प्रचंड दैवी यंत्रं इथे दिसत नाहीत. १२० प्राचीन देवळं नाहीशी झाली आहेत. त्यांचं काय झालं, हे कुणी धड सांगत नाही. आपण मदत केलेली काही माणसं साधी ओळखही दाखवत नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या राजाविषयी मतभेद असणं वेगळं आणि माझ्या हातून झालेलं काम पुसलं जाणं वेगळं. पहिल्याने कथेला खोली येते. दुसऱ्याने खेळणाऱ्याचा विश्वास तुटतो.

आणि हे टाळता येतं, याचा पुरावा त्याच खेळात आहे. आधीच्या खेळात हडसन नावाच्या गवंड्याबरोबर आपण टॅरी टाउन हे गाव वसवलं होतं. त्यासाठी लाकडाच्या ११० मोळ्या आणून दिल्या, गेरुडो जमातीची शिंपीण शोधून आणली, तिचं आणि हडसनचं लग्न लागताना पाहिलं. नव्या खेळात त्यांना एक मुलगी आहे. आईच्या गेरुडो रिवाजाप्रमाणे ती घर सोडून निघाली आहे आणि बापाचा जीव तुटतो आहे. तिथे मला तीन फाट्यांचा तक्ता आठवला नाही. आपण जोडलेल्या घरातली लेक निघाली आहे, एवढंच जाणवलं.

म्हणून हायरूलचा इतिहास लिहिणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. राजवंशाच्या पिढ्या मोजताना चूक झाली तर होऊ द्या. त्या ११० मोळ्यांची नोंद मात्र ठेवा.