आधी विकणारा



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जमीन-घरांच्या एजंटांच्या या अधिवेशनात समोर निम्म्याहून अधिक चेहरे नवे दिसतात. चहाच्या वेळी या तरुणांचा एकच प्रश्न कानावर आला, "साहेब, पार्टी कुठून आणायची?" आज तेवढंच बोलतो.

पार्टी म्हणजे घेणारा, असं आपण धरून चालतो. पण आपल्या जिल्ह्यात घेणाऱ्याचा दुष्काळ नाही. शिर्डीचं विमानतळ ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झालं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला. पुण्याच्या रस्त्यावर सुप्याची एमआयडीसी वाढली. राहाता-कोपरगावला बाहेरगावचे गुंतवणूकदार येतात, पारनेरला पुणेकर येतात, सावेडी-केडगावला शिक्षक, नोकरदार आणि निवृत्त फौजी घर शोधतात. टंचाई आहे ती ज्याचे कागद स्वच्छ आणि ज्याच्या घरात एकमत, अशा विकणाऱ्याची. म्हणून नव्या एजंटानं आधी विकणारा जोडावा. स्वच्छ कागदांची चार कामं ज्याच्या हातात आहेत, त्याला घेणारे आपणहून फोन करतात.

विकणारा जोडायचा तर सातबारा वाचता आला पाहिजे. बहुतेक जण मालकाचं नाव आणि क्षेत्र पाहून कागदाची घडी घालतात. 'इतर हक्क' वाचा. आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून इथं ऊस, कारखाना आणि सोसायटी एकमेकांत गुंतलेले आहेत. कर्ज फिटतं, पण बोजा कमी करायचा राहून जातो. मालक छातीठोकपणे सांगतो, सातबारा कोरा आहे. विसार होतो, घेणाऱ्याचा वकील कागद काढतो, बोजा दिसतो आणि सौदा फिसकटतो. तुम्ही ते आधीच पाहिलंत, सोसायटीचा बेबाकी दाखला मिळवून तलाठी कार्यालयात नोंद कमी करून घ्यायला मालकाला मदत केलीत, तर तो मालक दुसऱ्या एजंटाचा उंबरा चढणार नाही.

भोगवटादार वर्ग 2 दिसला की थांबा. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मालकाला ते स्पष्ट सांगा आणि परवानगीचा मार्ग दाखवा. जुने फेरफार वाचा. जागेवर जाऊन चतुःसीमा पाहा, वहिवाटीचा रस्ता कागदावर आहे का ते पाहा. बांधाची कुरबूर असेल तर सौद्याआधी मोजणी मागा.

दुसरी अडचण घरातली. वडील गेल्यावर मुलांची नावं लागतात आणि बहिणींची राहतात, हे आपण गावोगाव पाहतो. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही. तेव्हा "बहिणी सह्या देतील हो" या भावाच्या शब्दावर विसार घेऊ नका. बहिणीला भेटा. ती हक्कसोडपत्र देणार असेल तर कशावर सही करते आहे, हे तिला कळलं पाहिजे. तिला वाटा हवा असेल तर तो सौद्याच्या हिशेबात आधीच धरा. आणि एक सांगतो, दहाव्याला सगळे वारस एका जागी दिसतात म्हणून तिथं व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. लोक लक्षात ठेवतात.

आता घेणाऱ्याकडे येऊ. पुण्याहून आलेल्या माणसाला जमीन दाखवण्याआधी विचारा, "तुमच्या नावावर शेती आहे का?" 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे दाखवताना तुकडेबंदीचा नियम त्या जागेला कसा लागतो, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. यातले नियम अलीकडे बरेच बदलले आहेत, गेल्या वर्षीच्या माहितीवर आज सौदा करू नका.

फ्लॅट आणि प्लॉटिंगच्या कामाला रेरा कायदा आहे. नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री करून द्यायची तर एजंटाचीही नोंदणी लागते. ती नसेल तर दिवसाला 10 हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेरानं 2023 पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. काहींना हा जाच वाटतो. मला तर बरं वाटतं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक असलेला पोरगा आणि नुसता पांढरा शर्ट घातलेला पोरगा यांतला फरक गिऱ्हाइकाला आता कळू लागला आहे.

आपल्या धंद्याची बदनामी दोन गोष्टींनी झाली. मालकाला एक भाव, घेणाऱ्याला दुसरा भाव, आणि मधले वरचे पैसे खिशात. दुसरी गोष्ट साखळीची. एका सौद्यात पाच-सहा एजंट, आणि खरा मालक कोण हे शेवटच्याला माहीतच नाही. नव्या मित्रांनो, पहिल्या दिवसापासून मालकाशी थेट बोला, दलाली किती ते दोन्ही बाजूंना सांगा आणि कागदावर लिहून घ्या. सौदे पुढे-मागे होतील, पहिलं वर्ष कोरडंही जाईल, म्हणून घरखर्चाची दुसरी सोय ठेवूनच या धंद्यात या. अख्ख्या जिल्ह्याच्या मागे धावू नका. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ जमिनीचा आणि जामखेडच्या जिरायतीचा भाव एकाच एजंटाला कळणं अवघड. एक पट्टा निवडा आणि तिथले गट, रस्ते, पाणी, अलीकडची खरेदीखतं तोंडपाठ करा.

ज्येष्ठांकडेही मागणं आहे. प्रत्येक तालुक्यातल्या अनुभवी एजंटानं दोन नवे सोबत घ्यावेत, महिन्यातून एकदा बसून त्यांना खरे फेरफार वाचायला शिकवावेत आणि त्यांनी आणलेल्या कामात त्यांचा हिस्सा चोख द्यावा. हाच या अधिवेशनाचा पहिला ठराव म्हणून मी मांडतो. मंजूर असेल तर हात वर करा, आणि हात वर करणाऱ्या ज्येष्ठांनी आपली नावं बाहेरच्या टेबलावर लिहूनच जेवायला जावं.