कोरियाची ह्वागाक पेटी

बैलाच्या शिंगाने लाकडी पेटी मढवण्याची ह्वागाक ही कोरियाची जुनी कला. शिंग उकळून मऊ करायचं, चिरून उलगडायचं, तापवून सपाट दाबायचं आणि आरपार दिसेल इतकं पातळ घासायचं. चित्र काढतात ते मागच्या बाजूने. आधी बारीक रेषा, मग लाल-पिवळे रंग. वाघ, सारस, कमळ. नंतर हा पापुद्रा माशापासून केलेल्या सरसाने लाकडावर चिकटवतात. रंग आत, शिंग वर. म्हणून हाताळून चित्र पुसलं जात नाही. एका शिंगातून लहानसाच तुकडा निघतो, त्यामुळे पेटीवर चौकटींच्या रांगा दिसतात. जोसन राजवटीच्या काळात श्रीमंत घरांतल्या स्त्रिया अशा पेट्यांत शिवणाचं सामान ठेवत. १९९६ साली दक्षिण कोरियाने या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.