छायाचित्रातील माणसाचे नाव



आपणां सर्वांच्या घरी तथागताच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांचे छायाचित्र आहे. परंतु आपल्या पणजोबांचे छायाचित्र किती घरांत सापडेल? आपल्या पूर्वजांची छायाचित्रे कोणी काढलीच नाहीत असे नव्हे. ती काढली गेली; पण त्यांच्यासाठी नव्हेत.

सन १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या ग्रंथातील महारांच्या प्रकरणात ताणीला खळ लावतानाचे चित्र आहे. गोंडांच्या प्रकरणात प्रवासास निघालेले गोंड आहेत. चित्राखाली धंदा आहे, जमात आहे. माणसाचे नाव नाही. दुसऱ्याला परका ठरविण्याची ही सर्वांत सभ्य रीत होय. न्यायालयात छायाचित्र दाखल झाले की आम्ही वकील विचारतो, हे कोणी काढले, कशासाठी काढले, आणि चौकटीबाहेर काय राहिले? हेच प्रश्न त्या ग्रंथालाही विचारावयास हवेत.

कथेचे सामर्थ्य याहून निराळे आहे. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तरुण परगावी जात लपवून राहतो, मान मिळवितो. जात उघड होताच त्याच्यावर मार बसतो. त्या दोन्ही वेळी त्याचा चेहरा तोच होता. कॅमेऱ्याला काहीच फरक दिसला नसता! जात ही पाहणाऱ्याच्या मनात असते, आणि मनात शिरण्याची वाट कथेलाच सापडते.

आता थोडे कटु बोलतो. भामरागड-एटापल्लीकडे जाणारे पाहुणे माडिया स्त्रीच्या गळ्यातील मण्यांचे छायाचित्र टिपतात. गणवेश घालून शाळेत निघालेली तिची मुलगी त्यांना टिपण्याजोगी वाटत नाही. आणि आपल्यातील काहीजण? तेही आपल्या गोंड शेजाऱ्याला सहज ‘जंगली’ म्हणून जातात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्या बावीस प्रतिज्ञांतच आहे, आणि तिच्यात शेजारी वगळलेला नाही.

‘आपण येथलेच’ हे सिद्ध करण्याची वेळ आता आपल्यावरही येते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासी नसलेल्या वननिवासी कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. गडचिरोलीतील आपल्या अनेक कुटुंबांना हीच अट लागू आहे. पुराव्यांत गॅझेटियर, जनगणना, जुनी घरे व विहिरी, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात; मात्र दावेदाराने स्वतःचाच जबाब देऊन भागत नाही, आणि एकच पुरावा पुरेसा नसतो. म्हणजे ज्या साहेबी दप्तराने आपल्याला नाव दिले नाही, त्याचाच आधार आज घ्यावा लागतो! घरगुती छायाचित्राचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही; परंतु वृद्धांच्या जबाबाला त्याने बळ येऊ शकते.

म्हणून पेटीतील जुनी छायाचित्रे बाहेर काढा. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना एकेक चेहरा ओळखावयास सांगा. छायाचित्राच्या पाठीमागे नाव, गाव, नाते व अदमासे साल शिसपेन्सिलीने लिहा. शाई पुढे फुटते. शेजारचा गोंड त्यात उभा असेल, तर त्याच्या घरी जाऊन त्याचेही नाव विचारून घ्या.