कृष्णाकाठी आपले स्वागत
(लेखनशिक्षण परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्ष कोणाला करावं यावर समितीच्या बैठकीत बराच खल झाला. शिक्षणातल्या जाणकारांची वाईत वाण नाही. पण वह्या, पेनं, पिशव्या, फाइली हे सगळं ज्याच्या दुकानातून उधारीवर यायचं आहे त्यालाच खुर्चीत बसवलेलं बरं, असा व्यवहारी विचार शेवटी झाला असावा. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, शाळेशी माझा संबंध काउंटरच्या या बाजूनं. तेव्हा प्राथमिक शाळेत लेखन कसं शिकवावं यावर मी काही सांगणं म्हणजे आचाऱ्यापुढे वाढप्यानं बोलणं. ते काम पुढच्या दोन दिवसांत आपण कराल. मला तोवर थोडं माझ्या गावाबद्दल बोलू द्या. स्वागताध्यक्षाला एवढी सवलत असते.

आपल्यापैकी पुष्कळांनी वाई पडद्यावर पाहिली आहे, फक्त वेगळ्या नावानं. ‘दबंग’मध्ये ती उत्तर प्रदेशातलं लालगंज झाली. शेजारची मेणवली ‘स्वदेस’मध्ये चरणपूर झाली, आणि त्या चरणपुरात नायक शाळेसाठी पोरं गोळा करत घरोघर फिरत होता. शूटिंगवाले आले की दुकानांवर हिंदी पाट्या चढतात, आम्ही दोन-चार दिवस परप्रांतात राहतो आणि मग पुन्हा सातारा जिल्ह्यात येतो. त्याच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्या मोहिमेतली मोठी घंटा तिथल्या देवळापाशी टांगलेली आहे. नानांनी राखलेली कागदपत्रं इतिहासकार ‘मेणवली दप्तर’ म्हणून ओळखतात. लेखनाची परिषद आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. पेशवाईचा कारभार चालवणारा माणूस चिठ्ठीचपाटीसुद्धा टाकून देत नसे.

गावात येताना ढोल्या गणपती पाहिला नसेल तर उद्या सकाळी नक्की पाहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. आतली मूर्ती सगळे पाहतात, पण पाहण्यासारखी आहे ती मागची भिंत. ती माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातं. अशी बुद्धी आजच्या बांधकामांत कुठे दिसते का, हा प्रश्न मी नगरपालिकेच्या सभेत अनेकदा विचारला आहे. आज तो बाजूला ठेवतो. सात घाट, घाटाघाटावरचे कृष्णाबाईचे उत्सव, आमची हळद, पसरणीचे शाहीर साबळे, यांतल्या एकेकावर तासभर बोलता येईल. सूत्रसंचालक मघापासून घड्याळाकडे बोट करत आहेत.

पण एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांच्या गुरूंचं नाव आज वाईतल्याही नव्या पिढीला सांगता येत नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेतल्यावरचे केवलानंद सरस्वती. कोकणातून आलेला हा विद्वान वाईत राहिला, त्यानं मुलांना शिकवलं, आणि त्या शिकवण्यातून गंगापुरीतली प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. १९१६ पासून ती त्या नावानं ओळखली जाते. एका माणसानं सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ रचायला घ्यावा, म्हणजे काय धीर असेल! शेवटचे खंड तर ते गेल्यानंतर बाहेर पडले. त्यांचा एक पुतळासुद्धा गावात नाही म्हणून हळहळणारे लोक आहेत. मला वाटतं, सात खंड असलेल्या माणसाला पुतळ्याची गरज नसते. पण पाठ्यपुस्तकात चार ओळी असायला हरकत नव्हती.

याच शास्त्रीबुवांकडे १९१७ साली विनोबा भावे शिकायला आले. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेतली होती. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्रं हे तर झालंच, पण आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट पुढेच आहे. विनोबांनी वाईत विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं आणि वाचनालय सुरू केलं. वाचनालयाला पैसे हवेत म्हणून मुलांना घेऊन जात्यावर लोकांचं दळण दळायला सुरुवात केली. चांगल्या घरची मुलंही त्यात होती. दळणाचे पैसे वाचनालयाला. हे सगळं, शिवाय काय वाचलं, किती पायी हिंडलो, काय खाल्लं, कोणाला काय शिकवलं, असं त्यांनी १९१८ मध्ये गांधीजींना पत्रानं कळवलं. ते पत्र पुढे प्रसिद्ध झालं. आपण ते जरूर वाचा. त्यात एकही सजवलेलं वाक्य नाही. ज्याला लिहायचं तो माणूस खरा होता, जे सांगायचं ते स्वतः केलेलं होतं, म्हणून पत्र सरळ उतरलं.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. चौथीच्या मुलांना ‘मामाला पत्र लिहा’ असा प्रश्न असतो. जूनमध्ये त्याचं उत्तर तयार असलेलं गाईड माझ्याकडे येतं आणि गणपतीपर्यंत संपतं. सगळ्या वाई तालुक्यातल्या मामांना एकाच मजकुराची पत्रं मिळतात, म्हणजे मिळतही नाहीत, कारण टपालात कोणी टाकत नाही. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी मात्र खरंच पोस्टकार्ड मागायला आली. मी म्हटलं, बाळ, ते पोस्टात मिळतं, कोणाला लिहायचंय? तर म्हणाली, आमच्या बोळातला दिवा लागत नाही, नगरपालिकेला लिहायचंय, बाईंनी सांगितलंय. तिनं काउंटरवरच रद्दी कागदावर मजकूर लिहून पाहिला. ‘दिवा’मधली वेलांटी आधी दीर्घ काढली, मग खोडून ऱ्हस्व केली. पण बघण्यासारखी होती ती तिची तिसरी ओळ. आधी लिहिलं होतं, ‘अंधार असतो’. ते खोडून लिहिलं, ‘आजी घसरली’. कोणी सांगितलं नव्हतं. तिलाच कळलं की नगरपालिकेला अंधाराचं काही वाटणार नाही, आजीचं वाटेल. गाईड विकणारा माणूस म्हणून सांगतो, हे कुठल्याच गाईडमध्ये नाही. त्या बाई आज या सभागृहात आहेत. त्यांनी नाव घेऊ नये अशी ताकीद दिली आहे.

आणि खोडण्यावरून आमच्या विश्वकोशाकडे येतो. मराठी विश्वकोशाचं काम वाईत चाललं, हे आपण जाणताच. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी. कधी एकाच नोंदीखाली दोन नावं, तीन नावं. म्हणजे मोठमोठ्या विद्वानांचं लेखनही एका बैठकीत पुरं होत नसे. तपासायचं, छाटायचं, पुन्हा लिहायचं, मुद्रितावर पुन्हा खुणा करायच्या. ज्या काळी खिळे जुळवून छपाई होई, त्या काळी जुळाऱ्याला अक्षरं उलटी वाचावी लागत. चुकलेली मात्रा चिमट्यानं उपटून दुसरी बसवायची, आणि हे करताना कोणी त्याला नापास केलं म्हणून लाज वाटत नसे. ते कामच होतं. आमच्या शाळांत मात्र मुलानं एकदाच लिहायचं, बाईंनी लाल शाईनं गोल काढायचे, ‘खाडाखोड टाळा’ असा शेरा मारायचा आणि वही मिटायची. ते गोल पाहून मुलाला पुन्हा लिहायला वेळ कोण देतं? अनुलेखन आणि श्रुतलेखन यांना माझा विरोध नाही. दुरेघी वह्या त्यामुळेच खपतात. पण फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे लेखन, असं जर मुलाला दहा वर्षांचं होईतो वाटत राहिलं, तर पुढे त्याला कोणतंच पुस्तक दुरुस्त करू शकणार नाही. आमच्याच जिल्ह्यात, फलटणला, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून मराठी वाचन-लेखन शिकवण्यासाठी आयुष्य घातलं. मोजकी अक्षरं आणि काना-मात्रा एकत्र घेऊन मुलांना लगेच अर्थाचे शब्द लिहिता यावेत, ही त्यांची धडपड. फलटण जिल्ह्यात येतं म्हणून त्याचं थोडं श्रेय आम्ही वाईकरही घेतो. पुढचं तज्ज्ञ बोलतील.

आता क्षमायाचना. ही यादी मोठी आहे. लॉजच्या काही खोल्या एका शूटिंगसाठी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे काही पाहुण्यांची सोय घरांतून केली आहे. घरच्यांनी चहा फार दिला तर सहन करावा. शाळेच्या वरच्या मजल्यावर पाणी सकाळी सातनंतर चढत नाही. बाटल्यांवर परिषदेचं नाव एका ठिकाणी चुकीचं छापलं गेलं आहे, आणि परिषद लेखनाची आहे, हे विरोधकांनी आधीच लक्षात आणून दिलं आहे. ध्वनिक्षेपक मध्येच कुईं करतो, त्याला इलाज नाही. जेवणात पिठलं-भाकरी आहे. ज्यांना तिखट चालत नाही त्यांनी ताकाच्या बाजूच्या रांगेत उभं राहावं. गाड्या घाटावर लावू नयेत, ती विनंती नाही, पोलिसांचा आदेश आहे.

आभारांचं बोलायचं तर ज्यांनी मंडप दिला, ज्यांनी भाकरीचं पीठ दिलं, ज्यांनी हळदीचं पोतं विकून आलेली रक्कम पाकिटात घालून निमूटपणे माझ्या हातात ठेवली, ज्यांनी सभागृहाचं भाडं माफ केलं, ज्यांनी माफ केलं नाही पण हप्ते बांधून दिले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. भाकरी थापायला पहाटे चारला उठणाऱ्या महिला बचत गटाच्या ताईंचे आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून मानधन वेळेत देण्याचं वचन देतो. महाविद्यालयाची मुलं कालपासून सतरंज्या उचलत आहेत. देणगीदारांची यादी स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आहे. कोणाचं नाव राहिलं असेल किंवा मागेपुढे झालं असेल तर राग माझ्यावर काढावा, दुकान रविवारीही उघडं असतं.

शेवटी एक विनंती. दाराशी अभिप्रायाची वही ठेवली आहे. तिच्यात ‘व्यवस्था उत्तम, वाईकरांचे आभार’ असं लिहून सही करून जाऊ नका. काय कमी पडलं, काय आवडलं, कोणत्या सत्रात झोप आली, हे नावानिशी लिहा. समितीची पुढची बैठक महिनाअखेर आहे, तिथे ती वही पानापानानं वाचली जाईल.