भाकरीबरोबर बाईचं नावही येऊ द्या

(महिला मंडळांच्या मेळाव्यात पाककला गटांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या मंडळांतून दर महिन्याला एखाद्या अनोळखी प्रांताचा पदार्थ करून बघायची पद्धत पडली आहे. मला ती आवडते. घरी बाई रांधते ते दुसऱ्यांच्या आवडीचं. इथे ती स्वतःच्या कुतूहलापोटी रांधते. पण दुसऱ्या प्रांताची चव आपण घेतो तेव्हा तिच्यामागची बाई आपल्याबरोबर येते का, एवढंच मला विचारायचं आहे.

उदाहरण म्हणून खानदेशातलं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊ. कृती सोपी दिसते. ज्वारी, अख्खे काळे उडीद, थोडे मेथीदाणे आणि जाडं मीठ एकत्र दळलं की कळणा होतो. उडदाचं प्रमाण किती? घराघरांत वेगळं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उडदामुळे पीठ थोडं धरून राहतं. तरीही तळहाताच्या टाचेनं रगडून मळावं लागतं. भाकरी थापताना कडा फाटते कधी आणि पाणी वाढवायचं कधी, हे हाताला कळतं. पुस्तकात तिथे ‘अंदाजाने’ एवढाच शब्द असतो. बायांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली विद्या या एका शब्दात गुंडाळली जाते.

आता भरीत. त्यासाठी जळगावकडचं मोठं, हिरवं, कमी बियांचं वांगं लागतं. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते भाजतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. मग हिरव्या मिरच्या, लसूण घालून लाकडी बडगीत ठेचतात. शहरात आपण गॅसवर भाजतो आणि ‘तशी चव येत नाही’ म्हणतो. नाही येणार! पण त्या काड्या कुठून येतात? कापूस वेचायचा तो बायांनी, कंबर वाकवून, वजनावर मिळणाऱ्या मजुरीत. आणि वेचणी संपली की त्याच रानातल्या काड्यांचा भारा डोक्यावर आणून चूल पेटवायची तीही बायांनीच. आपण जिला धुराची खमंग चव म्हणतो, तो धूर कुणाच्या तरी डोळ्यांत रोज जात असतो.

दुसरी गोष्ट. ‘खानदेशी पदार्थ’ म्हणजे कुणाचा? बागायतदाराच्या घरचा, मजुराच्या घरचा की सातपुड्यातल्या आदिवासी घरचा? प्रांताचं नाव दिलं की जात आणि वर्ग दोन्ही झाकले जातात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं अन्न लिहिलं. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून २००९ साली दलितांच्या अन्नाचा इतिहास आणि आठवणी पुढे आणल्या. आपल्या मंडळांच्या यादीत हे पदार्थ का येत नाहीत? चवीमुळे की विटाळाच्या जुन्या सवयीमुळे? प्रश्न अवघड आहे, पण तो टाळून प्रांतांची ओळख पुरी होणार नाही.

ज्वारीचंही तसंच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्या भाकरीला गरिबाची म्हणून हिणवलं, ती आता हॉटेलांत मानानं वाढली जाते. भाकरीचा मान वाढला याचा आनंदच आहे. थापणारीची मजुरी वाढली का, हेही विचारायला हवं.

खानदेशातल्याच बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. जात्यापाशी, चुलीपाशी असं कितीतरी ज्ञान कुणी टिपून न घेतल्यामुळे विरून गेलं असेल.

म्हणून काही सूचना करते. एक, अनोळखी पदार्थ करायचा तर तो जाणणाऱ्या बाईला बोलवा. ती आपल्याच वस्तीत धुणीभांडी करायला येत असेल, बांधकामावर असेल. दोन, तिला त्या दिवसाचा मोबदला द्या. पाककलेच्या वर्गाला फी देतो तशी. तीन, कृती लिहाल तेव्हा ती चालणार असेल तर तिचं नाव आणि गाव वर लिहा. तिच्या बोलीतले शब्द बदलू नका. चार, जेवताना तिला पहिल्या पंगतीला बसवा, आणि या घासासाठी काय काय करावं लागतं ते तिच्याकडून ऐका. पाच, परातीपाशी घरच्या पुरुषांनाही बसवा. कुतूहल ही काही बायांचीच मक्तेदारी नाही!

असं केलं तर पाककला मंडळ हे फावल्या वेळेचं ठिकाण राहणार नाही. एक बाई दुसरीच्या श्रमाची आणि विद्येची दखल घेते, ते संघटनेचंच काम आहे. पुढच्या महिन्याचा पदार्थ ठरवताना आधी ‘कुणाकडून शिकायचं’ ते ठरवा.