अभयदानाची कसोटी



आपल्या परंपरेत चतुर्विध दान सांगितले आहे : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पहिल्या तिन्ही दानांची रूपे आपल्या नित्य परिचयाची आहेत. अन्नछत्र, दवाखाना आणि पाठशाळा यांतून ती साकार होतात. जीवाला मृत्यूच्या भयातून सोडविणे म्हणजे अभयदान. पांजरपोळ हे त्याचे आपल्या ओळखीचे रूप. परंतु दात्याला स्वतःच भयाच्या जागी जावे लागते, तेव्हा या दानाची खरी कसोटी लागते. त्या कसोटीस उतरलेल्या एका परदेशी तरुणाचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी उचित ठरेल.

विल्यम पिट्सेनबार्गर याचा जन्म ८ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या पिक्वा या छोट्या गावी झाला. व्हिएतनामच्या युद्धात तो हवाई दलाच्या बचाव हेलिकॉप्टरवर वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी होता. ‘इतरांना जगता यावे’ हे त्याच्या दलाचे ब्रीद. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्याने अशा २५० हून अधिक मोहिमांत भाग घेतला होता. सैन्यातील सेवा संपल्यावर परिचारकाचे शिक्षण घ्यावे, असा त्याचा मानस होता.

११ एप्रिल १९६६. सायगॉनच्या पूर्वेस, कॅम माय गावाजवळच्या घनदाट अरण्यात अमेरिकी पायदळाची १३४ जणांची तुकडी चहूबाजूंनी वेढली गेली. वृक्ष इतके उंच आणि दाट की हेलिकॉप्टर उतरणे अशक्य. जखमींना दोराला बांधलेल्या पाळण्यातून वर ओढून घ्यावे लागे. खालचे सैनिक या कामास सरावलेले नसल्याने विलंब होत होता, आणि अशा वेळी प्रत्येक क्षणाचे मोल एखाद्याच्या प्राणाइतके असते. हे पाहून पिट्सेनबार्गरने स्वतः खाली उतरण्याची अनुमती मागितली. शंभर फुटांहून अधिक उंचीवरून दोराच्या आधाराने तो रणभूमीवर उतरला.

हेलिकॉप्टरांच्या फेऱ्यांतून नऊ जखमी बाहेर काढले गेले. त्यानंतर गोळीबार वाढला आणि हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या. परत जाण्याची संधी त्याला होती. त्याने मात्र हात हलवून हेलिकॉप्टरला निघून जाण्याची खूण केली आणि स्वतः मागे राहिला. रानातल्या वेली आणि कोवळ्या झाडांच्या फांद्या तोडून तो मोडलेल्या हातापायांना आधार बांधीत राहिला, तात्पुरत्या डोल्या तयार करीत राहिला. गोळ्यांच्या वर्षावात पुनःपुन्हा उठून तो जखमींना आडोशाला ओढून आणी. त्याच सायंकाळी त्याला वीरमरण आले. तुकडीतील बहुतेक सैनिक त्या रात्रीपर्यंत मृत वा घायाळ झाले होते. जे वाचले, त्यांतील अनेकांनी आपल्या प्राणांचे श्रेय त्याला दिले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दारूगोळा संपत आला तेव्हा त्याने मृतांजवळची काडतुसे गोळा करून लढणाऱ्यांना वाटली आणि स्वतःही बंदूक हाती घेतली. मग अहिंसेच्या उपासकांनी त्याचे स्मरण का करावे, हा प्रश्न रास्त आहे. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत. श्रावकाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य. आश्रितांच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णतः टाळता येत नाही. तथापि टाळता येत नाही म्हणून ती हिंसा राहत नाही, असे नव्हे. पलीकडच्या बाजूलाही कुणाचे तरी पुत्रच पडत होते. त्या युद्धाचे समर्थन येथे अभिप्रेत नाही, आणि त्या बंदुकीचा गौरवही नाही. वंदन आहे ते, परतीचा दोर समोर असताना घायाळांजवळ थांबलेल्या करुणेला.

१९६६ मध्येच त्याला मरणोत्तर ‘एअर फोर्स क्रॉस’ देण्यात आला. वाचलेले सैनिक मात्र त्याला विसरले नाहीत. त्यांच्या आणि इतरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर ८ डिसेंबर २००० रोजी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान घोषित होऊन, ओहायोतील समारंभात त्याच्या वृद्ध पित्याने तो स्वीकारला. मध्ये चौतीस वर्षे लोटली होती. उपकृतांची कृतज्ञताही एक व्रतच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्यापैकी कुणावर रणांगणात उतरण्याची वेळ बहुधा येणार नाही. परंतु रुग्णालयाला देणगी देणे आणि ज्याचे कुणी नाही अशा रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणे, यांतील अंतर आपण सर्व जाणतो. पहिले औषधदान आहे आणि ते थोरच आहे. दुसऱ्यात औषधाला अभयाची जोड मिळते. साथीच्या दिवसांत, पुरात, अपघाताच्या जागी मनुष्याला सर्वांत मोठे भय असते ते एकटे पडण्याचे. त्या वेळी जो थांबतो, तो अभय देतो.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत देणाऱ्या हातांबरोबर थांबणारी माणसेही लाभोत, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!